आधी खालचं बघा

आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, उजव्या कोपऱ्यात, पाणी गाळायचं एक दुमजली स्टीलचं यंत्र उभं आहे. यंत्र म्हणणंही जरा जास्तच झालं, कारण त्यात फिरणारं, वाजणारं किंवा पेटणारं काहीच नाही. वरच्या भांड्यात पाणी ओतायचं, ते आतल्या दोन पांढऱ्या कँडलमधून झिरपत खालच्या भांड्यात उतरतं, आणि खालच्या तोटीतून काढून आपण ते प्यायचं. शेंबडं पोरसुद्धा चालवेल, असं दुकानदार म्हणाला होता. शेंबड्या पोरानं चालवलं असतं तर बरं झालं असतं, कारण त्यानं आधी नियमावली केली नसती. मी केली. त्याची मला आजही इतकी लाज वाटते की पाणी पिताना मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभा राहतो.

मी हेडक्लार्क आहे. माझ्या हाताखाली सहा माणसं आणि अकरा रजिस्टरं आहेत. घरात माझ्या हाताखाली कुणी नाही, ही गोष्ट बायकोनं लग्नानंतर आठवडाभरात स्पष्ट केली होती; पण सवय जात नाही.

तर फिल्टर. आमचं जुनं विजेवरचं मशीन दर तीन महिन्यांनी रुसायचं. शेवटी ते कायमचंच रुसलं, तेव्हा समोरच्या दारातले गृहस्थ सल्ला द्यायला आले. इमारतीत त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणतात, अर्थात पाठीमागे. "अहो, साधा फिल्टर घ्या. गुरुत्वाकर्षणावर चालतो. गुरुत्वाकर्षण कधी बंद पडल्याचं ऐकलंय?" मी ऐकलं नव्हतं. त्याच संध्याकाळी फिल्टर घेऊन आलो.

जोडणी मी स्वतः केली. पुस्तिका समोर ठेवून, चष्मा लावून, सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढून. जोडून झाल्यावर हातात एक रबरी वायसर उरला. उरलेली वस्तू कंपनीनं जास्तीची दिलेली असते, असं माझं मत होतं. पाणी भरलं आणि तोटीच्या मुळाशी थेंब जमू लागले. सर्वज्ञ म्हणाले, नट आवळा. आवळला. थेंबांची धार झाली. ते म्हणाले, पकडीनं आवळा. पकडीनं आवळल्यावर धार थेट माझ्या शर्टावर आली, आणि सर्वज्ञांना अचानक घरी कुकर लावल्याचं आठवलं.

बायकोनं मला काही न विचारता गच्चीवरून प्लंबरकाकांना बोलावून आणलं. काका गेली अठरा वर्षं आमच्या इमारतीचं काम बघत होते. साठीला आलेला, कमी बोलणारा माणूस. कुठला नळ कुणाच्या भिंतीतून कुठे जातो हे त्यांना तळहातावरच्या रेषांसारखं माहीत. त्यांनी तोटी काढली, एक वायसर आतून घातला, माझ्या शर्टाच्या खिशातला दुसरा बाहेरून घातला, नट नुसत्या बोटांनी फिरवला, आणि गळती थांबली. सगळं मिळून दोन मिनिटं. बायको बघत होती. लेक बघत होती. माझे वडीलही बघत होते.

जाता जाता काका म्हणाले, "साहेब, एक लक्षात ठेवा. वरचं भरायच्या आधी खालचं बघत जा. स्टीलचं आहे, आतलं दिसत नाही. अशी टिचकी मारायची. पोकळ वाजलं तर जागा आहे. ठक्क वाजलं तर ओतायचं नाही."

आता हे वाक्य सोन्यानं मढवून भिंतीवर लावायला हवं होतं. पण माझा शर्ट ओला होता आणि लेक तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी म्हणालो, "काका, मी पुस्तिका वाचलीय."

"बरं," ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी ऑफिसातून आलो तर तोटीतून पाणी येईना. वरचं भांडं कोरडं, खालचंही कोरडं; प्रत्येकाला वाटलं दुसरा भरेल. हे माझ्या खात्यातलंच दुखणं होतं आणि त्यावरचं औषध मला पाठ होतं. मी रात्रीच्या जेवणाआधी पाच कलमी सूचना लिहून काढली आणि फिल्टरच्या वर चिकटवली. पहिलं कलम असं होतं: "वरचे भांडे रिकामे दिसल्यास, ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने ते तत्काळ भरावे. सबब चालणार नाही." शेजारी खिळ्याला एक वही टांगली. तारीख, वेळ, किती जग ओतले, सही, शेरा. शेऱ्याचा रकाना मी स्वतःसाठी ठेवला होता.

लेकीनं पहिल्याच दिवशी सहीच्या जागी मांजर काढलं. बायकोनं वहीकडे बघितलंसुद्धा नाही, पण पाणी भरायची. वडिलांचं मात्र तसं नव्हतं. ते एका कारखान्यात तेहेतीस वर्षं टाइमकीपर होते. नियम दिसला की त्यांना तरतरी येते. निवृत्तीनंतर गेली कित्येक वर्षं त्यांना कुणी लेखी हुकूम दिला नव्हता. ते रोज सकाळी साडेदहाला, आम्ही तिघं बाहेर पडल्यावर, वरचं झाकण उचलायचे, भांडं रिकामं दिसलं की मोजून चार जग ओतायचे, वहीत सही करायचे आणि वाचनालयात जायचे. वही पाहून मी त्यांचं कौतुक केलं. "शिस्त म्हणजे काय हे बाबांकडून शिका," असं मी भर जेवणात म्हणालो होतो.

महिनाभरानं खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलं आहे. त्या भांडायला आल्या असत्या तर मी तोंड दिलं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता हो. पण माझ्या ओट्यावरच्या छताला ओल आलीय. वरून काही येत नाही ना?"

मी त्यांना आमचा ओटा दाखवला. संध्याकाळचे सात वाजले होते. ओटा कोरडा ठणठणीत. मी त्यावरून बोट फिरवून बाईंसमोर धरलं, एखाद्या जादूगारासारखं. "थेंब दिसतो का बघा," म्हटलं. बाईच ओशाळल्या.

मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी प्लंबरकाकांना बोलावलं. काकांनी बाईंकडे छत बघितलं, हातानं चाचपलं, गच्चीवर जाऊन आले, आणि माझ्या दारात उभे राहिले. "साहेब, पाइपाचं नाही हे. त्या कोपऱ्यातून आपली लाइनच जात नाही. वरून कुठून तरी सांडतंय. तुमचा ओटा जरा बघू द्या. मागची फट बघायचीय."

सांडतंय! माझ्याकडे, जिथे प्रत्येक जगाची नोंद आहे! आणि हे सर्वज्ञांच्या उघड्या दारासमोर, सेक्रेटरींच्या देखत. मी दारातून हललो नाही. म्हणालो, "काका, जिथे पाइप तपासायचा तिथे पाइप तपासा. माझ्या घरात एक थेंब सांडत नाही. माझ्याकडे लेखी आहे."

"दोन मिनिटं लागतील, साहेब."

"गरज नाही."

"बरं," ते म्हणाले.

उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला रात्रभर ते "सांडतंय" टोचत राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मी समितीला पत्र लिहिलं. आठ मुद्द्यांचं. त्यात "हलगर्जीपणा" तीनदा, "वयोमानानुसार" एकदा आणि "रहिवाशांवर संशय घेण्याची प्रवृत्ती" शेवटी, ठळक. पत्र इतकं चांगलं उतरलं होतं की मी त्याची एक प्रत स्वतःसाठी ठेवली. ती अजून आहे. फाडायची हिंमत होत नाही, वाचायचीही होत नाही.

पत्रावर सभा झाली. सर्वज्ञांनी अनुमोदन दिलं. नवा प्लंबर आणायचं ठरलं. काकांना बोलावून सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. गच्चीच्या टाकीची किल्ली खिशातून काढली, सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. तिला अडकवलेला सुतळीचा तुकडा सोडवून घेतला, तो त्यांचा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईंच्या ओट्यावरचं प्लॅस्टर सुटलंय, साहेब. त्यांना तिथे उभं राहू देऊ नका." मी त्या वेळी कागद लावत असल्यासारखं करत होतो.

नवा प्लंबर मोटारसायकलवरून आला. त्याच्याकडे भिंतीला लावून ऐकायचं एक यंत्र होतं. त्या यंत्रानं ऐकून त्यानं माझ्या न्हाणीघराची फरशी फोडली, मग बाईंच्या न्हाणीघराची भिंत फोडली, मग सर्वज्ञांचीही फोडली, अनुमोदन दिल्याबद्दल असेल. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. ओल वाढतच गेली. एका दुपारी बाईंच्या ओट्यावर तळहाताएवढा पोपडा पडला. नशीब की त्या बाहेरच्या खोलीत होत्या. त्यांनी गॅसची शेगडी उचलून बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या टेबलावर नेली आणि तिथे चहा करू लागल्या. मला बोलावून त्यांनी चहा पाजला. "तुम्ही किती धावपळ करताय माझ्यासाठी," म्हणाल्या. मी नम्रपणे मान हलवली. खरोखर हलवली.

पुढच्या आठवड्यात मला सर्दी झाली आणि मी घरी राहिलो. साडेदहाला स्वयंपाकघरात वाफारा घेत बसलो होतो, डोक्यावर टॉवेल. वडील आले. घड्याळ पाहिलं. झाकण उचललं. मोजून चार जग ओतले. सही केली. "येतो रे," म्हणाले आणि वाचनालयात गेले.

मी टॉवेलातून सहज बघत होतो. दहाएक मिनिटांनी दोन भांड्यांच्या सांध्यावर काहीतरी चमकलं. मला वाटलं वाफ. मग तिथून एक बारीक रेघ निघाली, फिल्टरच्या मागच्या अंगानं गुपचूप खाली उतरली आणि ओट्यावर आली. आमच्या ओट्याला भिंतीकडे किंचित उतार आहे. ते पाणी शहाण्यासारखं उतारानं गेलं आणि भिंतीच्या फटीत शिरलं. आवाज नाही, शिंतोडा नाही. जरा वेळानं दुसरी रेघ. खालचं भांडं सकाळपासून काठोकाठ भरलेलं होतं. बायकोनं सात वाजता भरलेलं वरचं सगळं पाणी खाली उतरलं होतं, ते प्यायला एरवीही घरी फारसं कुणी नसायचं, मी त्या दिवशी गरम पाण्यावर होतो, आणि वरचं भांडं अर्थातच रिकामं दिसत होतं. रिकामं दिसल्यास तत्काळ भरावे. सबब चालणार नाही.

मी वही काढली. त्रेचाळीस दिवस, रविवार सोडून रोज, साडेदहा, चार जग, सही. पुराव्याची वही मीच आखली होती, रकाने मीच पाडले होते. शेऱ्यात माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, "उत्तम."

वडील परतले तेव्हा मी फिल्टरसमोर उभा होतो. ओटा एव्हाना वाळत आला होता. मी त्यांना रेघ दाखवली. रेघेवरून बोट फिरवत ते म्हणाले, "मला शंका यायची रे. खालचं भरलेलंच असणार असं वाटायचं. पण कलमात खालचं बघा असं नव्हतं."

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती, थांबली नाही. "फिल्टरमागचं फडकं दुपारच्या सुट्टीत घरी आले की ओलं असतं, हे मी दोनदा सांगितलं तुम्हाला."

"मी काय म्हणालो?"

"लेखी द्या म्हणालात."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं म्हणतात. पण आमच्या धरणीखाली बाईंचं स्वयंपाकघर होतं आणि तिथलं छत आधीच कमकुवत झालं होतं.

इथपर्यंतची लाज माणूस सहन करू शकतो. चूक कुणाच्याही हातून होते. पुढचं सांगताना मात्र जीभ जड होते. मी गप्प बसलो. सूचना काढून टाकली, वही माळ्यावर टाकली, फटीत पांढरं सिमेंट भरलं आणि घरच्यांना म्हणालो की वेळ आली की बोलतो. वेळ काही येईना. ओल मात्र वाळू लागली. नव्या प्लंबरनं ते श्रेय घेतलं. सेक्रेटरींनी त्याचं अभिनंदन केलं आणि त्याचं अभिनंदन केल्यावर पत्र लिहिणाऱ्याचंही केलंच पाहिजे, म्हणून माझंही केलं. बाई जिन्यात भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही पत्र लिहिलंत म्हणून सुटले हो मी." त्या दिवसापासून मी लिफ्टनं जाऊ लागलो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

वडिलांनी मला एकदाच विचारलं, "त्या माणसाची हजेरी लागली का परत?" मी म्हणालो, बघतो. त्यानंतर ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलत.

आठवड्यानं पडद्याचे खिळे आणायला कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानाच्या बाहेर एक बाकडं आहे. काम नसलेले गवंडी, रंगारी तिथे बसतात, कुणी बोलावलं तर जातात. त्या बाकड्यावर शेवटी काका बसले होते. पायाशी हत्यारांची पिशवी, तिचं तोंड त्या सुतळीच्या तुकड्यानं बांधलेलं. अठरा वर्षांत मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी परत फिरणार होतो, तेवढ्यात त्यांनी पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"साहेब, तोटी गळत नाही ना आता? वायसर टिकला?"

मी खिळे न घेताच घरी आलो. चप्पल काढली नाही, तसाच सेक्रेटरींच्या दारात गेलो आणि म्हणालो, सभा बोलवा.

सभेसाठी मी निवेदन लिहून नेलं होतं. पहिला मसुदा "तांत्रिक कारणांमुळे" असा सुरू होत होता. तो बायकोनं वाचला आणि गॅसवर धरला. दुसरा मी सभेत खिशातून काढलाच नाही. उभा राहिलो आणि सांगितलं: ओल माझ्या फिल्टरची होती. काकांनी पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं कसं भरायचं. मी ऐकलं नाही. ते बघायला आले तेव्हा मी दार अडवलं. पत्र खोटं होतं. आणि हे मला दहा दिवसांपासून माहीत आहे.

सर्वज्ञ हळूच उठून गेले. नंतर कळलं, त्यांनीही तसाच फिल्टर घेतला होता आणि ते टिचकी मारून बघायला गेले होते. बाई माझ्याकडे बघत होत्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "दहा दिवस?" गणिताच्या बाई त्या, नेमका आकडा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकड्यावर गेलो. काकांना परत बोलवायचं ठरलं होतं; किल्ली सेक्रेटरी देणार होते, मी म्हटलं, मीच देतो. काकांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग मला राहवेना. "काका, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग सभेत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की, साहेब," ते म्हणाले. "तुम्हाला." आणि किल्ली घेऊन तिला सुतळी बांधू लागले.

बाईंचं छत मी माझ्या खर्चानं करून देणार होतो, त्यात विशेष नाही. काका म्हणाले, गवंडीकाम मीच करतो, पण शिडी धरायला माणूस हवा. तो माणूस मी. रविवारी सकाळभर मी बाईंच्या स्वयंपाकघरात शिडी धरून उभा होतो, डोक्यावर सिमेंट पडत होतं, आणि इमारतीतले लोक छत बघायच्या निमित्तानं मला बघून जात होते. सेक्रेटरी दोनदा आले. वडील खुर्ची घेऊनच बसले होते. त्यांच्या मांडीवर माळ्यावरची वही होती. तिच्यात कोऱ्या पानावर त्यांनी काकांची हजेरी लावली होती, आठ वाजून पाच मिनिटं.

अकराच्या सुमारास काका वरून म्हणाले, "घसा कोरडा पडला. पाणी मिळेल का?" बाई उठू लागल्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही बसा, मी आणतो. एवढं तरी माझ्या हातून घडू द्या.

वर आलो, तोटीखाली ग्लास भरला. सवयीनं झाकण उचलून बघितलं. वरचं भांडं रिकामं. हात आपोआप जगाकडे गेला, जग नळाखाली धरला, नळ सोडला. आमच्या आणि बाईंच्या खिडक्या एकाखाली एक आहेत, दोन्ही उघड्या होत्या. नळाचा आवाज खाली गेला असणार.

"साहेब!" खालून काकांचा आवाज आला. "आधी खालचं बघा!"

सगळी इमारत ऐकत असणार. मी नळ बंद केला आणि टिचकी मारली. ठक्क. आयुष्यात पहिल्यांदा मी पुस्तिकेचं नाव न काढता खिडकीतून ओरडलो, "भरलेलं आहे, काका!"

"मग ओतू नका. आणि लवकर या, शिडी कुणी धरलेली नाही!"

मी जग टाकला आणि ग्लास घेऊन धावत सुटलो. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरलो, त्यात निम्मं पाणी पायऱ्यांवर सांडलं. वळणावर सेक्रेटरी उभे होते. त्यांनी अजून काही विचारलंही नव्हतं, तेवढ्यात मी सांगून टाकलं, "ते मी सांडलंय. मीच पुसतो."